ओब्राझ्त्सोव आणि माणसासारख्या बाहुलीचा वाद

सर्गेई ओब्राझ्त्सोव (१९०१–१९९२) चित्रकला शिकले, मॉस्कोत नट म्हणून वावरले आणि १९२० च्या दशकात बाहुल्या घेऊन एकट्याने कार्यक्रम करू लागले. उघड्या बोटांवर नाक-डोळे नसलेले दोन गोळे चढवून ते अख्खे प्रेमगीत रंगवीत. १९३१ साली मॉस्कोत सुरू झालेल्या सरकारी बाहुलीनाट्यगृहाची धुरा त्यांच्याकडे आली आणि ती त्यांनी अखेरपर्यंत वाहिली.

वाद पेटला तो १९४० च्या ‘अल्लादीन’वरून. तोवर तिकडे प्रामुख्याने हातमोज्यासारखी घालायची बाहुली चाले. ती चपळ खरी, पण संथ, भारदस्त हालचाल तिला जमत नसे. ओब्राझ्त्सोव यांनी या नाटकासाठी काठीची बाहुली निवडली. तिचे डोके मधल्या काठीवर पेललेले असते, हात दोन बारीक काठ्यांनी हलतात आणि खेळवणारा आडपडद्यामागे उभा राहून तिला डोक्यावर उचलून धरतो. या तंत्राचा पाया मॉस्कोतल्याच एका कलावंत दांपत्याने आधी घातला होता, ही गोष्ट मात्र बहुतेक वेळा सांगायची राहून जाते. आक्षेप असा होता की, ही बाहुली नटाची नक्कल करते आणि जे नटाला साधते तेच करायचे तर बाहुली हवी कशाला? आक्षेपात तथ्य आहे, परंतु त्याचा रोख ‘अल्लादीन’कडे असू नये. प्रौढ प्रेक्षकासमोर प्रेमकथा गांभीर्याने मांडायची तर बाहुलीला डौल हवाच होता. पुढे पूर्व युरोपातल्या सरकारी नाट्यगृहांनी मॉस्कोचा कित्ता विचार न करता गिरवला, दोष तिथे आहे.

खुद्द ओब्राझ्त्सोव त्या शैलीत अडकून पडले नाहीत. १९४६ च्या ‘कॉन्सर्ट’मध्ये ऐटबाज गायक आणि बडबड्या निवेदक यांची खिल्ली उडवताना माणसाशी असलेले साम्य हेच विडंबनाचे हत्यार झाले. १९६१ साली ‘डिव्हाइन कॉमेडी’त त्यांनी देव आणि देवदूत जिवंत नटांना दिले, आदम आणि ईव्ह मात्र बाहुल्या ठेवल्या. घडवणारा माणूस आणि घडवलेली बाहुली एकाच रंगमंचावर आणणारे हे उत्तर कुठल्याही लेखी खुलाशापेक्षा मला अधिक पटते.

१९७६ ते १९८४ या काळात ते बाहुलीकारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष होते. त्यांच्याकडे मॉस्कोत शिकून आलेल्या एका बंगाली कलावंताने १९७३ साली कलकत्त्यात स्वतःची संस्था काढली, आणि तिचे गाजलेले नाटकही ‘अल्लादीन’च होते.