खोडरबर हातात घेण्याआधी

कॉम्प्युटर सुरू केला की नुसतं बीप बीप, पडदा काळाच. मग कुणीतरी हमखास सांगतं, 'रॅम काढ, पिना खोडरबरने घास आणि परत बसव.' रॅम म्हणजे कॉम्प्युटरची तात्पुरती स्मृती असलेली, मदरबोर्डवरच्या (मुख्य सर्किट बोर्डवरच्या) खाचेत, म्हणजे स्लॉटमध्ये, बसणारी पट्टी. गंमत म्हणजे हे बरेचदा चालतं. पण श्रेय खोडरबराचं कमी आणि काढून पुन्हा बसवण्याचं जास्त. काढताना-बसवताना पिना आणि स्लॉट एकमेकांवर घासतात, ओलाव्या-धुळीने बिघडलेला संपर्क पुन्हा जुळतो. खोडरबर मात्र पिनांवरचा सोन्याचा पातळ मुलामा खरवडतो. पुसायचंच असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा बरा.

बीप न वाजवणारा बिघाड जास्त फसवा. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एक ट्रान्झिस्टर (इवलासा स्विच) आणि एक इवलासा कॅपॅसिटर (वीज साठवणारा भाग). ही रचना आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ साली सुचली. हा कॅपॅसिटर गळका असतो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत तो पुन्हा भरावा लागतो. ८ जीबीमध्ये असे सुमारे ६,८७० कोटी. त्यातला एखादाच जास्त गळू लागला, तर आज ब्राउझर बंद पडतो, उद्या विंडोज कोसळून निळा पडदा येतो, परवा झिप फाइल उघडत नाही.

अशा वेळी लोक विंडोज नव्याने टाकतात. ते आधी करू नका. डिस्कवर जाणारी प्रत्येक फाइल रॅममधूनच जाते. रॅम सदोष असेल तर चांगल्या फाइलीही बिघडतात. आधी कॅबिनेट न उघडता तपासा: स्टार्टमध्ये 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' शोधा, किंवा पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ रात्रभर चालवा. एकही चूक दिसली तरी ती खरी धरायची. बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमचा वेग वाढवणारी सोय, चालू असेल, तर ते बंद करून पुन्हा बघा. कधीकधी दोष नुसत्या वाढवलेल्या वेगाचा असतो.

उघडायची वेळ आलीच, तर प्लग काढा आणि पॉवरचं बटण काही सेकंद दाबून ठेवा. एसएमपीएसचा, म्हणजे वीजपुरवठ्याचा, डबा मात्र उघडायचाच नाही. हिवाळ्यात स्वेटर काढताना चटचट होतं, ती वीज आपल्याला जाणवायला सुमारे ३,००० व्होल्ट लागतात. चिप त्याहून कितीतरी कमीत जाते. म्हणून आधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा आणि पट्टी कडांनीच धरा. खाच जुळवून क्लिप 'टक्' वाजेपर्यंत दाबा.

दोन पट्ट्या असतील तर एकेक करून त्याच स्लॉटमध्ये तपासा. मग चांगली ठरलेली पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये. तिथे तीही चुकली, तर संशय मदरबोर्डवर. पट्टीच दोषी निघाली तर ती घरी दुरुस्त होत नाही, पण फेकण्याआधी बिल शोधा. बऱ्याच कंपन्या रॅमला आजीवन वॉरंटी देतात.