ओर्व्हिएतोची विहीर संत पॅट्रिकने खोदलेली नाही

इटलीच्या उंब्रियातलं ओर्व्हिएतो हे टफ या ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या खडकाच्या उभ्या कड्यावर वसलेलं गाव. तिथल्या ‘पोत्सो दि सान पात्रित्सिओ’चा अर्थ ‘संत पॅट्रिकची विहीर’, म्हणून ती त्यानेच खोदली असं सर्रास सांगितलं जातं. पण आयर्लंडचा हा संत पाचव्या शतकातला, विहीर सोळाव्या शतकातली.

१५२७ मध्ये रोमची लूट झाली आणि पोप सातवा क्लेमेंट ओर्व्हिएतोत आश्रयाला आला. कड्यावरच्या गावाला वेढा पडला तर पहिली टंचाई पाण्याची. त्याने वास्तुरचनाकार धाकट्या आंतोनिओ दा सांगाल्लोला विहिरीचं काम दिलं. ते १५३७ मध्ये, पुढचा पोप तिसरा पॉल याच्या काळात पुरं झालं. तेव्हाचं नाव साधंच, गढीची विहीर. आयर्लंडमधल्या ‘संत पॅट्रिकचं शुद्धिस्थान’ या खोल गुहेच्या आख्यायिकेवरून आजचं नाव बरंच नंतर चिकटलं.

खोली सुमारे ५३ मीटर, रुंदी १३. वरचा भाग टफमध्ये कोरलेला. खाली चिकणमाती लागते, ती ढासळते, म्हणून तिथे विटांचं बांधकाम. खरी करामत जिन्यांची: एकमेकांभोवती वळणारे दोन स्वतंत्र जिने, प्रत्येकी २४८ रुंद, उथळ पायऱ्या, खेचरांना झेपतील अशा. रिकामी खेचरं एकाने उतरत, तळाचा पूल ओलांडून पाणी घेऊन दुसऱ्याने चढत. वाटेत कोंडी होण्याचा प्रश्नच नाही.

रेल्वे स्टेशनवरून फ्युनिक्युलरने, म्हणजे दोराने ओढल्या जाणाऱ्या चढावरच्या रेल्वेने, पियात्सा काहेन या चौकात उतरा. विहीर शेजारीच आहे. आत गारवा असतो, पायऱ्या ओलसर. आणि उतरताना विसरू नका, तेवढंच चढायचंही आहे.