नॉर्थ कॅरोलिना: ७३४ मतांच्या वादाची पाळंमुळं

आपल्याकडे न्यायमूर्ती कॉलेजियमच्या शिफारशीने नेमले जातात. न्यायाधीशाने मतं मागत गावोगाव फिरावं, ही कल्पनाच आपल्याला पचत नाही. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात मात्र सर्वोच्च न्यायालयाचे सातही न्यायमूर्ती आठ वर्षांसाठी निवडून येतात. ५ नोव्हेंबर २०२४ ला अशाच एका जागेसाठी पंचावन्न लाखांहून अधिक मतं पडली. मतदानाच्या रात्री रिपब्लिकन जेफरसन ग्रिफिन पुढे होते. राहिलेली मतं मोजून झाली, मग फेरमोजण्याही झाल्या, तेव्हा डेमोक्रॅट अ‍ॅलिसन रिग्ज ७३४ मतांनी पुढे होत्या. ग्रिफिन यांनी हार मानली नाही. साठ हजारांहून जास्त मतं बाद करा, अशी त्यांची मागणी होती.

हे भांडण त्या रात्री सुरू झालं नाही. २००४ पासून तिथल्या वरिष्ठ न्यायालयांच्या निवडणुका पक्षाच्या नावाविना होत आणि उमेदवारांना प्रचारासाठी सार्वजनिक निधी मिळे. २०१३ मध्ये विधिमंडळाने तो निधी बंद केला. २०१८ पासून मतपत्रिकेवर न्यायमूर्तीच्या नावापुढे पक्षाचं नाव पुन्हा छापलं जाऊ लागलं. माझ्या मते गाडी रुळावरून घसरली ती इथेच. २०२० मध्ये सरन्यायाधीशपदाची निवडणूक अवघ्या ४०१ मतांनी फिरली आणि रिपब्लिकन पॉल न्यूबी आले. २०२२ नंतर न्यायालयात रिपब्लिकन पाच, डेमोक्रॅट दोन अशी स्थिती झाली. काही महिन्यांतच, २०२३ मध्ये, याच न्यायालयाने मतदारसंघांच्या सीमा आणि मतदार ओळखपत्र यांवरचे स्वतःचेच ताजे निर्णय उलटवले. एका खुर्चीवर किती काय अवलंबून आहे, हे त्यानंतर कुणाला सांगावं लागलं नाही.

डेमोक्रॅटांची तळातली बांधणी तेव्हा पार खिळखिळी झाली होती. २०२२ ला विधिमंडळाच्या कित्येक जागांवर त्यांनी उमेदवारच दिले नव्हते. फेब्रुवारी २०२३ मध्ये रॉक्सबरो या छोट्या गावातली २५ वर्षांची अँडरसन क्लेटन प्रदेशाध्यक्ष झाली. ग्रामीण काउंटी (आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग) सोडायच्या नाहीत, प्रत्येक जागा लढवायची, मतदान केंद्रागणिक माणूस उभा करायचा, हा तिचा आग्रह. यादी हातात घेऊन गल्ली पिंजून काढणारा आपला बूथप्रमुख ज्याने पाहिलाय, त्याला या कामाचं मोल वेगळं सांगायला नको. २०२४ ला राज्य ट्रम्प यांनी जिंकलं, तरी रिग्ज टिकल्या. ७३४ मतांत अशा पायपिटीचा वाटा किती, हे मोजता येणार नाही. पण मी तो कमी लेखणार नाही.

आता ज्या कागदावरून रणकंदन झालं, तो नीट पाहू. २००२ च्या केंद्रीय कायद्यानुसार नोंदणी करताना मतदाराने वाहन परवान्याचा क्रमांक किंवा सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे (आपल्या आधारसारख्या ओळख क्रमांकाचे) शेवटचे चार आकडे द्यायचे असतात. राज्याच्या जुन्या अर्जावर सक्तीचे रकाने लाल रंगाने दाखवले होते. हा रकाना त्यांत नव्हता. लोकांनी तो कोरा सोडला, अर्ज मंजूर झाले. तक्रार आल्यावर २०२३ च्या अखेरीस अर्ज सुधारला, जुन्या नोंदी तशाच राहिल्या. काहींनी तर क्रमांक दिलाही होता, पण लग्नानंतर आडनाव बदलल्याने नोंदी जुळल्या नाहीत. चूक कार्यालयाची आणि मत जाणार मतदाराचं! ग्रिफिन यांनी आक्षेप घेतलेल्या मतदारांच्या यादीत खुद्द रिग्ज यांचे आईवडील होते. आक्षेपाची सूचना म्हणून घरोघरी पोस्टकार्डं गेली. त्यांवर एक क्यूआर कोड. तो स्कॅन करून हजारोंच्या यादीत आपलं नाव आपणच शोधायचं.

दुसरा आक्षेप परदेशातून मत देणाऱ्या सैनिक-नागरिकांवर होता. त्यांना ओळखपत्राची प्रत जोडायची गरज नाही, असं निवडणूक मंडळाच्या नियमातच होतं. शिवाय हा आक्षेप १०० पैकी मोजक्याच, डेमोक्रॅटांकडे झुकणाऱ्या काउंटींपुरता होता. एकाच नियमाने मत दिलेल्या दोन सैनिकांपैकी एकाचंच मत संशयित ठरावं, हे मला कुठल्याच तर्काने पटत नाही.

मंडळाने डिसेंबरमध्ये आक्षेप फेटाळले. एप्रिल २०२५ मध्ये अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी ग्रिफिन यांची बाजू घेतली. आठवड्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कोऱ्या रकान्यांची मतं वाचवली, पण परदेशातल्या मतदारांना ओळख पटवायला ३० दिवस दिले. रिपब्लिकन न्यायमूर्ती रिचर्ड डाएट्झ यांनी पक्षाची भिंत ओलांडून असहमती नोंदवली, त्याचा आवर्जून उल्लेख करायला हवा. ५ मे रोजी केंद्रीय न्यायाधीश रिचर्ड मायर्स यांनी निकाल दिला: खेळ संपल्यावर नियम बदलता येत नाहीत, मतं मोजलीच पाहिजेत. मायर्स यांची नेमणूक ट्रम्प यांनीच केली होती. दोन दिवसांनी ग्रिफिन यांनी हार मानली आणि १३ मे रोजी रिग्ज यांनी शपथ घेतली.

त्याच महिन्यात निवडणूक मंडळावरचं बहुमत रिपब्लिकनांकडे गेलं, कारण नेमणुकांचा अधिकार विधिमंडळाने डेमोक्रॅट राज्यपालांकडून काढून रिपब्लिकन लेखापरीक्षकांकडे दिला होता. पाठोपाठ केंद्रीय न्याय विभागाने त्याच कोऱ्या रकान्यावरून मंडळावर दावा लावला. जुलैपासून सुमारे लाखभर मतदारांच्या नोंदी दुरुस्त करायची मोहीम सुरू झाली आणि तेच चार आकडे पुन्हा मागितले जाऊ लागले.