वासराची शिंगं आणि खच्चीकरण: आम्हाला बोलावण्याआधी वाचा

‘वासरू आता आवरत नाही, शिंगं काढायची आहेत,’ असा फोन आला की आम्ही आधी वय विचारतो. बहुतेक वेळा उत्तर येतं, आठ-नऊ महिने. काम तेव्हाही होतं, पण ते वेगळंच काम असतं.

साधारण दोन महिन्यांपर्यंत शिंगाचा कोंब कातडीत सुटा असतो. बोटानं दाबला की कातडीबरोबर हलतो. पुढे तो कवटीला धरतो आणि कालांतरानं कपाळातली पोकळी शिंगात शिरते. मग शिंग कापलं की ती पोकळीच उघडी पडते. रक्त जास्त जातं, जखम भरायला कित्येक आठवडे लागतात, वर धूळ आणि माश्या. म्हणून कोंब हाताला लागला की कळवा.

बधीर केल्याशिवाय आम्ही हत्यार लावत नाही. डोळ्याच्या कोपऱ्यापासून शिंगाच्या बुडापर्यंत हाडाची एक कड हाताला लागते. तिच्याखाली लिग्नोकेन हे बधीर करणारं औषध टोचतो आणि पाच-दहा मिनिटं थांबतो. वरची पापणी अनेकदा किंचित ओघळते. तरीही कोंबाभोवती सुई टोचून बघतो. वासरानं डोकं झटकलं तर आणखी थांबतो. मगच तापलेली डागणी, काही सेकंद, कोंबाभोवती तांबूस कडं उमटेपर्यंत. या थांबण्यात काहीजण घड्याळ बघतात. बघू द्या.

लिग्नोकेन दीड-दोन तासांत उतरतं आणि खरं दुखणं तिथून सुरू होतं. म्हणून मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामकही त्याच वेळी देतो. बिलातली ती ओळ वगळून मिळणार नाही.

कोंब जाळणारी दाहक पेस्ट जन्मानंतर पहिल्या काही दिवसांतच चालते. आईला पिणाऱ्या वासराला आम्ही ती लावत नाही. कासेला लागते, पावसात डोळ्यात उतरते.

खच्चीकरणासाठी पहिल्या आठवड्यात अंडांच्या पिशवीवर चढवलेलं रबरी कडं पुरतं. धनुर्वाताची लस मात्र हवी, आणि दोन्ही अंडी कड्याखाली आली का हे मोजायला हवं. एकदा आमच्याच हातून एक वर निसटलं. वर्षभरानं तो गोऱ्हा वळूसारखा अंगावर यायला लागला. थोड्या मोठ्या गोऱ्ह्याला बधीर करून बर्डिझो चिमटा लावतो, तो कातडी न कापता अंडाकडे जाणारी नाडी चेपतो. एका वेळी एकच नाडी, आणि दोन्हीकडचे दाब एका रेषेत येऊ द्यायचे नाहीत, नाहीतर पिशवीचा रक्तपुरवठा तुटतो. त्यानंतरही काही आठवडे त्याला कालवडींपासून लांब ठेवा, गाभ राहू शकतो.

मांसासाठी वाढवलेला गोऱ्हा वयात येण्याआधीच विकणार असाल तर खच्ची करूच नका. आमची एक फेरी बुडेल, चालेल. शिंगांचंही तसंच, ते कामही टाळता येतं. भुंडेपणा, म्हणजे जन्मतः शिंगं नसणं, हा वरचढ गुण आहे. शुद्ध भुंड्या वळूच्या रेतमात्रा वापरल्या तर सगळी वासरं भुंडी निपजतात, मिश्र वळूची, म्हणजे ज्याच्यात शिंगांचा गुणही लपलेला आहे त्याची, शिंगाळ्या गाईंपासून साधारण निम्मी.

काम झाल्यावर दोन दिवस लक्ष ठेवा. सारखे कान फडफडवणं, शेपटी झटकणं, पाय ताठ करून एका जागी उभं राहणं, दूध टाळणं. यातलं काही दिसलं, किंवा जखमेला वास आला, तर लगेच फोन करा. त्या फेरीचे पैसे आम्ही घेत नाही.