मेसेज मुळात कोणी पाठवला?

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडे बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, ही अफवा कितीतरी दिवस मोबाइलवरून गावोगाव पोचलेली होती. जमावाने त्या पाच जणांना गाठलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि जीव जाईपर्यंत मारलं.

त्यानंतर दोनच दिवसांनी केंद्राच्या माहिती-तंत्रज्ञान मंत्रालयाने व्हॉट्सअ‍ॅपला जाहीरपणे खडसावलं. डिसेंबर २०१८ मध्ये नव्या माहिती-तंत्रज्ञान नियमांचा मसुदा आला आणि २५ फेब्रुवारी २०२१ रोजी ते लागू झाले. त्यातला नियम ४(२) असं सांगतो की ५० लाखांहून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या मेसेजिंग सेवांनी, न्यायालयाचा किंवा सक्षम अधिकाऱ्याचा आदेश आल्यास, तो मेसेज मुळात कोणी पाठवला हे ओळखता येईल अशी सोय ठेवावी. राईनपाड्याची बातमी वाचलेल्या माणसाला यात वावगं काय वाटणार? मलाही तेव्हा वाटलं नव्हतं.

पण इंटरनेटविषयीचा कुठलाही मसुदा वाचताना मी आता एक सवय लावून घेतली आहे. हा नियम कोणाला पकडण्यासाठी आहे, हे क्षणभर बाजूला ठेवायचं आणि विचारायचं की तो पाळायचा तर यंत्राला रोज, प्रत्येकाच्या बाबतीत, काय करावं लागेल?

एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असतात. मेसेज तुमच्या फोनवरच कुलूपबंद होतो आणि त्याची किल्ली फक्त ज्याला पाठवला त्याच्या फोनमध्ये असते. मधल्या सर्व्हरला पाकिटावरचा पत्ता दिसतो, आतलं पत्र दिसत नाही. एकच मजकूर तुम्ही दोघांना पाठवलात तरी कुलूप लागल्यावर सर्व्हरला ते दोन वेगळेच गिचमिड ढीग दिसतात. हा मेसेज पहिल्यांदा कोणी पाठवला, असं सर्व्हरला विचारणं म्हणजे पोस्टमनला बंद पाकिटातल्या ओळीबद्दल विचारणं. त्याने ती कधी पाहिलेलीच नाही.

मग त्याने काय करावं? सुचवला गेलेला एक मार्ग हॅशचा. हॅश म्हणजे मजकुराचा अंगठ्याचा ठसा. एसएचए-२५६ या पद्धतीत मजकूर एक शब्दाचा असो की अख्ख्या ज्ञानेश्वरीचा, ठसा कायम ६४ चिन्हांचाच निघतो. कंपनीने प्रत्येक मेसेजचा ठसा आणि तो पहिल्यांदा कोणाकडून आला एवढंच जपून ठेवावं, मजकूर ठेवू नये, अशी ही कल्पना. ऐकायला नेटकी आहे.

आता त्या अफवेतलाच एक शब्द घ्या: ‘पळवणाऱ्या’. त्यातलं ‘ऱ्या’ संगणकावर दोन तऱ्हांनी टंकता येतं. एक तर नुक्ता असलेला ‘ऱ’ घेऊन त्याला हलन्त आणि ‘या’ जोडायचा. किंवा साधा ‘र’, हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह आणि पुढे ‘या’. पडद्यावर दोन्ही शब्द बहुधा हुबेहूब सारखेच दिसतात, पण यंत्राच्या लेखी ते वेगळे, म्हणून त्यांचे ठसेही पूर्णपणे वेगळे. ज्याला पकडायचं त्याने मजकुरात एक जागा जास्त सोडली किंवा चित्राची कड कापली, की त्याच्या नावावरची नोंद तिथेच तुटते. नोंद शाबूत राहते ती ज्यांना लपवण्यासारखं काही नाही त्यांची.

आणि ठशावरून मजकूर उलगडत नाही, हेही अर्धंच खरं. ठसा उलटा फिरवता येत नाही, पण अंदाज तपासता येतो. मोर्चाचं एखादं पत्रक हातात असेल, तर त्याचा ठसा काढून यादीशी जुळवला की हे पत्रक कोणी फिरवायला सुरुवात केली हे कळतं. ज्या यादीने दंगलखोर सापडेल, तिनेच बातमी फोडणारा कारकूनही सापडेल. यादीला दोघांत फरक करता येत नाही. शिवाय कोणता मेसेज उद्या गुन्हा ठरेल हे आज ठाऊक नसल्याने नोंद सगळ्यांचीच ठेवावी लागेल: आजीच्या लोणच्याच्या कृतीची, पॅथॉलॉजीच्या रिपोर्टची, नवरा-बायकोच्या भांडणाची. नियमात आदेश एका माणसाविरुद्ध निघतो, यंत्राला मात्र कोट्यवधींवर पाळत ठेवून तयारीत राहावं लागतं. मला यातली ही गोष्ट सगळ्यांत जास्त खटकते.

त्याच नियमात आणखी एक वाक्य आहे. मूळ पाठवणारा भारताबाहेर असेल, तर भारतात ज्याने तो मेसेज पहिल्यांदा पाठवला तोच मूळ पाठवणारा मानला जाईल. समजा मस्कतला नोकरी करणाऱ्या मुलाने काळजीपोटी सांगलीतल्या आईला एक चित्रफीत पाठवली आणि आईने ती भिशीच्या ग्रुपवर टाकली. कायद्याच्या हिशेबात मूळ पाठवणारी आईच ठरू शकते. हे उगाच रचलेलं उदाहरण नाही. २०१८ मध्ये देशभर फिरलेल्या अपहरणाच्या चित्रफितींपैकी एक मुळात कराचीतल्या बालसुरक्षेच्या मोहिमेची होती. मुलाला उचलून नेल्याचं दाखवून शेवटी त्यात संदेश दिला होता. कोणीतरी तो शेवट कापला आणि उरलेला तुकडा फिरवला. तिची मूळ निर्माती संस्था तर भलं करायला निघाली होती. अफवेला एक आई-बाप नसतो. वाटेत जो तो तिला थोडी थोडी घडवतो.

हा वाद शास्त्रज्ञांमध्येही झालेला आहे. मद्रास उच्च न्यायालयात २०१९ मध्ये आयआयटी मद्रासचे प्रा. व्ही. कामकोटी यांनी सुचवलं की मूळ पाठवणाऱ्याची ओळख मेसेजलाच चिकटवून पाठवावी. हवं तर तीही कुलूपबंद करून, कोर्टाच्या आदेशानंतरच उघडता येईल अशी. आयआयटी मुंबईचे प्रा. मनोज प्रभाकरन यांनी त्याला सविस्तर विरोध केला. अ‍ॅपची फेरफार केलेली आवृत्ती वापरणारा खोटी ओळख चिकटवू शकतो. त्याने ओळख चुकवली तर तपास भरकटतो आणि दुसऱ्या कोणाची चिकटवली तर निरपराध माणूस अडकतो. मला प्रभाकरन यांचं म्हणणं पटतं.

फक्त सरकारसाठी म्हणून ठेवलेली वाट सरकारपुरतीच राहते का, याचं उत्तर ग्रीसने दिलं आहे. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकच्या सुमारास तिथल्या एका मोठ्या मोबाइल कंपनीच्या एक्स्चेंजमध्ये कायदेशीर टॅपिंगसाठी बनवलेली सोय सॉफ्टवेअरमध्ये निजून होती. कंपनीने ती चालवणारा भाग विकतही घेतला नव्हता. कोणीतरी आत शिरून ती गुपचूप जागी केली आणि पंतप्रधान कोस्तास कारामानलिस यांच्यासह शंभराहून जास्त जणांचे फोन महिनोन्‌महिने ऐकले गेले.

कायद्यातल्या शब्दांची बाब वेगळी नाही. माहिती-तंत्रज्ञान कायद्याच्या ६६अ कलमात ‘त्रासदायक’, ‘गैरसोय करणारं’ असे सैल शब्द होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर लिहिलं, दुसरीने ते लाइक केलं आणि दोघींना अटक झाली. सर्वोच्च न्यायालयाने ते कलम २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं. मूळ पाठवणाऱ्यांची तयार यादी त्या वेळी हाताशी असती तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. त्यावर बंधन घालायचं तर कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा. नियम ४(२) सुद्धा म्हणतो की कमी घुसखोरीचा परिणामकारक उपाय असेल तर हा आदेश देऊ नये. तर मग तसे उपाय आहेत का, ते पाहू.

मेसेज किती वेळा पुढे गेला याचा आकडा मेसेजच्या आतच, कुलूपबंद ठेवता येतो. तो फोनला कळतो, सर्व्हरला नाही. ठरावीक मर्यादेनंतर अ‍ॅपच दुहेरी बाण दाखवतं आणि पुढे पाठवणं अवघड करतं. जुलै २०१८ मध्ये भारतात फॉरवर्डची मर्यादा एका वेळी पाच चॅटवर आणली गेली. एप्रिल २०२० मध्ये फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल असं केल्यावर तशा मेसेजचं प्रमाण ७० टक्क्यांनी घटलं, असं कंपनी सांगते. हा आकडा कंपनीचाच, तेव्हा जपून घ्यावा. पण कोणाचंही नाव न विचारता अफवेचा वेग कमी करता येतो, एवढं त्यातून दिसतं.

आणि तपासाची वाटही बंद झालेली नाही. कुलूप वाटेतच असतं. दोन्ही टोकांच्या फोनवर मेसेज उघडाच असतो. अफवा मिळालेल्या एका माणसाचा फोन रीतसर ताब्यात घेतला की ती कोणाकडून आली ते दिसतं, मग त्याच्या आधीचा, मग त्याच्याही आधीचा. काम चिकाटीचं आहे, प्रत्येक पायरीला कागद आणि कारण लागतं. त्यात गुन्ह्याशी संबंध असलेल्यांचेच फोन उघडले जातात, बाकीच्यांचे मिटलेलेच राहतात.