नॅट आणि नॅट नेटवर्क: पत्ता तोच, शेजार वेगळा

व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे एका कॉम्प्युटरच्या आत आभासी कॉम्प्युटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, मी दोन लिनक्स मशिनं उभी केली होती. एकावर वेबसर्व्हर, दुसऱ्यावर डेटाबेस. डेटाबेसच्या मशीनचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, बघितला: १०.०.२.१५. वेबसर्व्हरवर जाऊन त्याला पिंग केलं, म्हणजे 'आहेस का?' असं विचारलं, तर उत्तरं धडाधड आली, पण डेटाबेसला कनेक्शन काही लागेना. फायरवॉल बंद केली, पोर्ट तपासलं, पासवर्डही बदलून झाला. शेवटी वैतागून डेटाबेसचं मशीनच बंद केलं, तरी पिंग चालूच! तेव्हा कुठे वेबसर्व्हरचा स्वतःचा आयपी बघायची बुद्धी झाली. तोही १०.०.२.१५. म्हणजे तासभर ते मशीन स्वतःलाच हाक मारत होतं आणि स्वतःच ओ देत होतं.

दोन्ही मशिनांना मी नेटवर्क सेटिंगच्या यादीत मुळातच निवडलेला पर्याय, म्हणजे 'नॅट' (आतल्या मशीनचा पत्ता बदलून त्याला बाहेर नेणारी सोय), तसाच ठेवला होता. त्याच यादीत 'नॅट नेटवर्क' असंही एक नाव आहे. हे एकाच गोष्टीचं आखूड आणि लांब नाव असावं, असं मला बरेच दिवस वाटायचं. बाहेर जाण्यापुरतं बघितलं तर तसंच आहे म्हणा. दोन्हींत मशीनला इंटरनेट मिळतं, बाहेरच्या जगाला फक्त होस्टचा, म्हणजे मूळ कॉम्प्युटरचा, पत्ता दिसतो, आणि पोर्ट फॉरवर्डिंग (होस्टच्या एका पोर्टवर आलेलं आत पाठवायचा नियम) केल्याशिवाय होस्टवरून आत शिरता येत नाही. फरक आहे तो शेजाराचा.

साध्या नॅटमध्ये प्रत्येक मशीनसाठी व्हर्च्युअलबॉक्स एक वेगळा, फक्त त्याच्यापुरता राउटर चालवतो. त्या इवल्याशा नेटवर्कात ते मशीन एकटंच असतं. गेटवे (बाहेर जायचं दार) १०.०.२.२, डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारा) १०.०.२.३ आणि मशीन स्वतः १०.०.२.१५. दुसरं मशीन चालू केलं की त्याच्यासाठी हाच संसार नव्याने मांडला जातो, आकडेही तेच. गावोगावी एक शिवाजी चौक असतो, तसं. पत्ता सारखा म्हणून गाव एक होत नाही.

नॅट नेटवर्क व्हर्च्युअलबॉक्सच्या ४.३ आवृत्तीत, २०१३ साली आलं. हे घरातल्या वायफाय राउटरसारखं वागतं: राउटर एक, मशिनं अनेक, प्रत्येकाचा आयपी वेगळा आणि सगळी एकमेकांना दिसतात. मात्र हे नेटवर्क आधी नाव देऊन तयार करावं लागतं आणि मग प्रत्येक मशीनच्या अडॅप्टरमध्ये ते नाव निवडावं लागतं. घोळ असा की त्याची ठरलेली रेंजसुद्धा १०.०.२ अशीच सुरू होते, त्यामुळे नुसता आयपी बघून आपण कुठे आहोत ते कळत नाही. गेटवे बघा. शेवटचा आकडा २ असेल तर साधं नॅट, १ असेल तर नॅट नेटवर्क. मी तर नेटवर्क तयार करतानाच १९२.१६८ ची रेंज देऊन टाकतो, डोक्याला ताप नको.

पोर्ट फॉरवर्डिंगही दोन ठिकाणी राहतं. साध्या नॅटमध्ये नियम मशीनच्या सेटिंगमध्ये लिहायचा आणि आतला आयपी रिकामा ठेवला तरी चालतो, कारण आत दुसरं आहेच कोण? नॅट नेटवर्कमध्ये नियम नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जातो आणि कोणत्या मशीनकडे पाठवायचं ते आयपीसकट सांगावं लागतं. आपोआप आयपी वाटणाऱ्या डीएचसीपीने उद्या तो आयपी बदलला की नियम वाऱ्यावर. म्हणून अशा मशीनला स्थिर आयपी द्या.

एक खड्डा नॅट नेटवर्कमध्येही आहे. उबुंटू सर्व्हरचं मशीन क्लोन केलं (हुबेहूब प्रत काढली), नेटवर्क कार्डाचा ओळखक्रमांक म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस आठवणीने नवा घेतला, तरी दोघांना एकच आयपी मिळू शकतो. उबुंटू डीएचसीपीकडे आपली ओळख मॅकवरून नाही, तर मशीन-आयडी नावाच्या फाइलवरून सांगतं आणि ती फाइल क्लोनमध्ये जशीच्या तशी येते. क्लोनमधली ती फाइल रिकामी करून रिबूट केलं की नवी ओळख तयार होते.

व्हर्ट-मॅनेजर हे लिनक्सवरचं असंच दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी तर आणखी जपून राहावं. तिथे ज्याला नॅट म्हणतात, ते १९२.१६८.१२२ वालं, ते इथल्या नॅट नेटवर्कच्या जवळचं आहे. शिवाय तिथे होस्टवरून मशीनपर्यंत थेट पोचताही येतं. इथल्या साध्या नॅटचा जुळा भाऊ म्हणजे क्यूएमू या आणखी एका तशाच सॉफ्टवेअरचं यूजर नेटवर्किंग. तिथेही मशीनला १०.०.२.१५ च मिळतो.

एकटं मशीन असेल, ब्राउझर आणि अपडेट एवढंच काम असेल, तर साधं नॅट उत्तम. त्याला काही लावावं लागत नाही. दोन मशिनांनी एकमेकांशी बोलायचं असेल तर नॅट नेटवर्क. पण हॅकिंगच्या सरावासाठी मुद्दाम कच्चं ठेवलेलं मशीन असेल, तर त्याला यातलं काहीच लावू नका. दोन्हींतून बाहेरची वाट उघडी राहते. त्याला इंटर्नल नेटवर्क लावा, त्यात मशिनं फक्त आपापसात बोलतात.