निकोटिनचा गम आणि साधा च्युइंगम: गल्लत नेमकी कुठे होते

सिगारेट सोडू पाहणाऱ्या माणसाने मेडिकलमधून निकोटिनच्या गमची पट्टी आणावी, ती प्रवासातल्या च्युइंगमसारखी कचाकचा चावून दोन दिवसांत संपवावी, उचक्या आणि मळमळीने बेजार व्हावे आणि शेवटी ‘गमने काही होत नाही’ असा निकाल देऊन पुन्हा टपरी गाठावी, हा प्रकार इतका सर्रास चालतो की त्याचे आता आश्चर्यही वाटेनासे झाले आहे. चीड मात्र येते, कारण या माणसाने औषध घेतले होते पण वापरले नव्हते. पट्टीच्या खोक्यात वापराची चिठ्ठी असते. ती बारीक टाइपात असते आणि बहुधा खोक्याबरोबरच कचऱ्यात जाते. दुकानदारही पट्टी पुढे सरकवतो आणि ‘तलफ आली की चघळा’ एवढेच सांगतो. त्या एका वाक्याने जेवढे नुकसान केले आहे तेवढे गमच्या वाईट चवीनेही केले नसेल.

परदेशात राहून आलेली मंडळी सिगारेटला पर्याय म्हणून व्हेपचे, म्हणजे ई-सिगारेटचे, नाव घेतात. ब्रिटनमध्ये तो पर्याय सरकारी आरोग्यसेवाच सुचवते हे खरे. परंतु भारतात 2019 च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात या सर्वांवर बंदी आहे. त्यामुळे कोणता व्हेप घ्यावा हा प्रश्न येथे संपतो आणि उरतात ती औषधाच्या दुकानातली साधने. त्यांत सर्वांत सहज मिळणारा आणि सर्वांत चुकीचा वापरला जाणारा प्रकार म्हणजे निकोटिनचा गम.

साधा च्युइंगम काय असतो हे कोणाला सांगायला नको. तो तोंडाला चाळा देतो, चव संपली की थुंकायचा असतो आणि कितीही चावला तरी बिघडत काही नाही. दिसण्यात, वासात आणि वेष्टनात निकोटिनचा गम त्याच्या इतका जवळ जातो की गल्लत व्हावी यात नवल नाही. किंमत जास्त, पोत थोडा घट्ट, साखर बहुधा नाही, पुदिन्याच्या आड एक कडवट, मिरमिरणारी चव, हे फरक पहिल्या गमलाच कळतात आणि त्यांच्यावर शब्द खर्च करण्याचे कारण नाही. कोणता स्वाद घ्यावा यावर लोक तासभर बोलू शकतात. मनाला येईल तो घ्यावा.

खरा फरक एकच आहे आणि तो असा: साधा च्युइंगम चघळण्यासाठी असतो, तर निकोटिनचा गम गालात धरून ठेवण्यासाठी असतो, चघळणे हे त्यात केवळ अधूनमधून करायचे काम आहे. या गमच्या पोटात निकोटिन एका रेझिनला, म्हणजे राळेसारख्या पदार्थाला, बांधून ठेवलेले असते. लाळ लागली आणि दाताचा दाब पडला की ते थोडे थोडे सुटते. सुटलेल्या निकोटिनने गालाच्या आतल्या त्वचेतून आणि हिरडीतून थेट रक्तात जावे अशी सगळी योजना असते. गम भराभर चावला तर निकोटिन एकदम सुटते, तोंडात लाळेचे तळे होते आणि माणूस ती लाळ गिळतो. गिळलेले निकोटिन पोटात जाते, तेथून यकृतात जाते आणि रक्ताभिसरणात पोचण्याआधीच त्याचा मोठा भाग यकृत मोडून टाकते. वाटेत ते घशाला आणि जठराला झोंबते, म्हणून उचकी लागते, छातीत जळजळते, मळमळते. म्हणजे पैसे निकोटिनचे दिले, त्रास निकोटिनचा भोगला आणि मेंदूला मात्र ते मिळालेच नाही. तलफ तशीच राहते आणि दोष गमवर येतो.

गंमत अशी की तंबाखू मळून बार भरणाऱ्या माणसाला यातले काहीच नवे वाटणार नाही. तो तंबाखू चावत बसत नाही. चिमूट ओठाखाली किंवा गालात धरतो, आणि त्याआधी तीत चुना मळतो. चुन्याने तोंडातली आम्लता कमी होते आणि आम्लता कमी असली की निकोटिन कातडीतून लवकर पार होते, हे रसायन त्याने वाचलेले नसते. पण बिनचुन्याची तंबाखू लागत नाही हे त्याला पक्के ठाऊक असते. निकोटिनच्या गममध्ये हेच काम सोड्याच्या जातीचे क्षार करतात. गममध्ये तंबाखूचे पान नसते आणि तोंडाचा कर्करोग देणारा तो सगळा लवाजमा नसतो, म्हणून दोन्ही एकाच मापाने मोजणे हा निव्वळ अडाणीपणा ठरेल. परंतु निकोटिनने कोणत्या वाटेने जायचे हा मुद्दा दोन्हीकडे सारखाच आहे. गमची कल्पनाही तोंडात तंबाखू धरणाऱ्यांकडे पाहूनच सुचली. स्वीडनमध्ये 1960 च्या दशकाच्या अखेरीस क्लास लुंडग्रेन या शरीरशास्त्रज्ञाच्या ध्यानात आले की पाणबुडीतले खलाशी, ज्यांना आत सिगारेट पेटवता येत नाही, ते तोंडात धरायच्या तंबाखूवर दिवस काढतात. त्याने ही गोष्ट ओवे फर्नो या औषधनिर्मितीतल्या माणसाला कळवली, आणि तेथून सुरू झालेल्या कामातून निघालेला गम 1978 मध्ये प्रथम स्वित्झर्लंडमध्ये विक्रीला आला. सिगारेट ओढणाऱ्याला मात्र हा गालाचा अनुभव नसतो. त्याची सवय फुप्फुसाची असते, आणि तोंडात पडलेल्या गमचे काय करायचे असते याबाबत त्याला एकच वस्तू माहीत असते, ती म्हणजे साधा च्युइंगम.

तेव्हा करायचे ते असे. गम तोंडात टाकून अगदी सावकाश, थांबत थांबत चावावा. थोड्याच वेळात जिभेच्या कडेला मिऱ्यासारखे चुरचुरू लागते किंवा गालाला झिणझिण्या येतात. ती खूण आली की जबडा थांबवायचा आणि गम गाल व हिरडी यांच्यामध्ये सरकवून तेथेच राहू द्यायचा. चुरचुर ओसरायला मिनिटभर लागते. ती ओसरली की पुन्हा दोन-चार वेळा चावायचे, पुन्हा चुरचुर, पुन्हा गालात, या खेपेला दुसऱ्या बाजूला, म्हणजे एकाच जागची हिरडी हुळहुळी होत नाही. असे साधारण अर्धा तास चालले आणि चावूनही चुरचुर येईनाशी झाली की गम संपला असे समजावे. या अर्ध्या तासात प्रत्यक्ष चावण्याचा वेळ फारच थोडा असतो. शेजारी बसलेल्याला तुम्ही काही चघळत आहात असा संशय आला, तर बहुधा तुम्ही जास्त चावत आहात.

दुसरी घोडचूक चहाची, आणि ती आपल्याकडे हमखास होते, कारण सिगारेट आणि चहा ही जोडी सोडवताना गमला सिगारेटच्या जागी बसवावे असे कोणालाही वाटते. घोट चहाचा, चावा गमचा, हा बेत फसतो. चहा, कॉफी, कोला, लिंबू सरबत, फळांचा रस ही सगळी पेये कमीजास्त आम्ल असतात. क्षारांनी तोंडात जे साधलेले असते ते ती धुऊन टाकतात आणि गालातून होणारे शोषण मंदावते. म्हणून गम घेण्याच्या पंधरा मिनिटे आधीपासून गम तोंडात असेपर्यंत पाण्याशिवाय काही घेऊ नये. चहा सोडा असे कोणी म्हणत नाही. चहा आधी होऊ द्यावा, चूळ भरावी, पाव तास जाऊ द्यावा आणि मग गम घ्यावा.

एवढे सगळे नीट केले तरी गम सिगारेटची बरोबरी करत नाही, आणि हे कोणी आधी सांगत नाही म्हणून माणसे निराश होतात. झुरक्याबरोबर आत गेलेले निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचते. गमचे रक्तातले प्रमाण वर चढायला वीस-तीस मिनिटे लागतात. शिवाय 2 मिलिग्रॅमच्या गममधून अंगी लागते ते साधारण त्याच्या निम्म्याच्या आसपास. त्यामुळे तलफ डोक्यात शिरल्यावर गम तोंडात टाकणे म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणे होय. माझे मत या बाबतीत ठाम आहे: पहिल्या सहा आठवड्यांत गम तलफेची वाट न पाहता घड्याळाकडे बघून घ्यावा, जागेपणी दर एक-दोन तासांनी एक. दिवसाकाठी दोन-तीन गमवर भागवून ‘मी औषधही कमीच घेतो’ अशी फुशारकी मारणारे लोक त्याच दिवशी संध्याकाळी टपरीवर दिसतात. दिवसाला चोवीसची मर्यादा आहे. सोडणारी माणसे त्या मर्यादेच्या जवळपासही फिरकत नाहीत, अडतात ती कमी घेतल्यामुळेच.

मात्रेबाबतचा गोंधळही औषध जास्त होईल या भीतीतूनच येतो. 2 आणि 4 मिलिग्रॅम अशा दोन मात्रा मिळतात. आपल्याकडे 2 ची पट्टी चिठ्ठीशिवाय मिळते आणि 4 ला डॉक्टरांची चिठ्ठी लागते, यावरून 4 म्हणजे काहीतरी जहाल असा समज होतो आणि पक्का ओढणाराही 2 घेऊन बसतो. किती सिगारेटी ओढता यापेक्षा सकाळची पहिली केव्हा ओढता, हा प्रश्न येथे जास्त उपयोगाचा ठरतो. डोळे उघडल्यापासून अर्ध्या तासाच्या आत ती लागत असेल तर 4, त्यानंतर लागत असेल तर 2, असा साधा नियम आहे. तोंड धुण्याआधी सिगारेट शोधणाऱ्याने चिठ्ठीचा कंटाळा करू नये. त्या निमित्ताने डॉक्टरांशी बोलणेही होते, आणि गरोदर स्त्रिया किंवा नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले रुग्ण यांनी तर गमला हात लावण्याआधी ते बोलणे करायलाच हवे.

निकोटिननेच कर्करोग होतो, मग ते पुन्हा कशाला घ्यायचे, हा प्रश्न घरातली वडीलधारी मंडळी हमखास विचारतात. निकोटिन सवय लावते, निरुपद्रवी ते नाही. परंतु सिगारेटने जी माणसे मरतात ती मुख्यतः जळत्या तंबाखूच्या धुराने, त्यातल्या डांबराने आणि कार्बन मोनॉक्साइडने. जागतिक आरोग्य संघटनेने निकोटिनचे हे उपचार 2009 मध्ये आवश्यक औषधांच्या यादीत घातले आणि भारताच्या 2022 च्या राष्ट्रीय यादीतही ते आले.

ज्यांना कवळी आहे किंवा जबड्याचा सांधा दुखतो त्यांनी गमच्या नादी लागू नये. त्यांच्यासाठी तोंडात विरघळणाऱ्या गोळ्या किंवा दंडावर चिकटवायचा पॅच बरा. पॅच दिवसभर संथपणे निकोटिन देतो, पण अचानक उसळलेल्या तलफेवर त्याचा तातडीचा इलाज चालत नाही. म्हणून पक्क्या ओढणाऱ्यांना डॉक्टर पॅच लावून वर गमही घ्यायला सांगतात. दोन्ही एकत्र घेतल्यास यश जास्त मिळते हे पुरेसे तपासले गेले आहे. काय घ्यावे हे ठरत नसेल तर 1800-11-2356 या राष्ट्रीय क्विटलाइनवर, म्हणजे तंबाखू सोडू पाहणाऱ्यांसाठीच्या दूरध्वनी सेवेवर, फुकट बोलता येते.

सहा आठवड्यांनंतर दोन गममधले अंतर वाढवत न्यायचे: पुढचे तीन आठवडे दर दोन ते चार तासांनी, त्यापुढचे तीन आठवडे दर चार ते आठ तासांनी, आणि मग बंद. टाकून देताना गम कागदात गुंडाळूनच टाकावा, कारण चावून झालेल्या गममध्येही निकोटिन शिल्लक असते. आणि पट्टी कपाटात वरच्या फळीवर ठेवावी, कारण दिसण्यात ती खाऊच्या च्युइंगमपेक्षा वेगळी नसते आणि लहान मुलाच्या पोटात गेलेला एखादा गमही थेट दवाखान्यात नेण्याइतका गंभीर असतो.